बत्तीस फुटी बोटीचा व्यवहार : प्रकल्प नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, पोर्ट्समथ

जुनी बोट घ्यायच्या अटी आधी लिहून ठेवते, म्हणजे एखाद्या गोऱ्यागोमट्या बोटीवर जीव जडला तर हा कागद पुढे धरता येईल.

दोघांना हाकता यावी. अटलांटिक झेपावा. खरेदी आणि दुरुस्ती मिळून ४०,००० पौंडांत बसावं. निघायचं २०२६ च्या उन्हाळ्यात: फाल्मथ, बिस्केचा उपसागर ओलांडून ला कोरुन्या, मग पोर्तुगाल, मदेरा, कॅनरी बेटं. कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, म्हणून कॅनरीहून पुढे पश्चिमेला निघायचं ते नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात. तोवर व्यापारी वारेही स्थिरावलेले असतात.

नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता, त्यामुळे इंजिन, पंप, टाक्या हे खातं त्याचं. माझं पोट हिशेबावर, म्हणून कागदपत्रं आणि पैसे माझ्याकडे. शीड दोघांनाही येतं. त्याच्याकडे यॉटमास्टरचं प्रमाणपत्र, माझ्याकडे त्याखालचं डे स्किपरचं.

४०,००० पैकी खरेदीला २०,००० च्या वर जायचं नाही, असं मी ठरवलंय. ब्रोकर मंडळी दुरुस्तीला वीस टक्के राखून ठेवा म्हणतात. त्यांना बोट विकायची असते.

६ ऑक्टोबर २०२४

जाहिराती वाचून डोळे शिणले. "पूर्ण सुसज्ज, उद्या सकाळी निघा" हे वाक्य जिथे दिसेल तिथे मी आता आधी सामानाची यादी उघडते आणि प्रत्येक वस्तूपुढे वर्ष लिहिते. आजची एक यादी: चार्टप्लॉटर, म्हणजे पडद्यावर समुद्राचे नकाशे दाखवणारं यंत्र, २००९ चा, त्याचे नकाशे आता मिळत नाहीत. लाइफराफ्टची, म्हणजे जीव वाचवायच्या फुगत्या तराफ्याची, शेवटची तपासणी २०१५. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र "क्वचित वापरलेलं". म्हणजे त्यातला पडदा सुकून गेलेला असणार. संकटाची खूण म्हणून पेटवायचे, मुदत संपलेले बाण डझनभर, ते टाकायचे कुठे हाच इथे मोठा प्रश्न असतो. सौर पट्ट्या, पवनचक्की, दोन रेडिओ, आणि या सगळ्यांच्या तारा कुठून कुठे जातात ते सांगणारा एकही आराखडा नाही. विक्रेत्याने यादीची किंमत दहा हजार धरली आहे. माझ्या हिशेबात ते सगळं काढून फेकण्याची मजुरी आपल्याच डोक्यावर बसते.

विकत घ्यायचा तो सांगाडा (बोटीचं बाहेरचं कवच), कील (बोट उलटू नये म्हणून तळाखाली असलेला जड भाग), सुकाणू, डोलकाठी आणि इंजिन. बाकी फुकट आलं तरी महाग.

रस्लर ३६ सुद्धा बघितली. २०२२ च्या, एकट्याने करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आपले अभिलाष टॉमी याच बनावटीच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करून दुसरे आले, तेव्हापासून ती नवऱ्याच्या मनात आहे. किमती बघून पान बंद केलं.

२६ ऑक्टोबर २०२४, हॅम्बल नदी

पहिली प्रत्यक्ष पाहणी. छत्तीस फुटी, १९८० च्या दशकातली, वर सागवानी डेक. लांबून देखणी. नवऱ्याने बूट काढले आणि अनवाणी डेकवर फिरायला लागला. ब्रोकरला वाटलं, काय हा भाविक माणूस. डोलकाठीच्या पुढच्या भागात त्याची टाच किंचित दबली. तिथे दाबल्यावर फळ्यांच्या फटीतून पाण्याची बारीक रेघ वर आली.

यामागचं कारण साधं आहे. त्या काळच्या बऱ्याच बोटींचा सागवानी डेक म्हणजे फायबरवर स्क्रूने ठोकलेल्या पट्ट्या. स्क्रू शेकडो, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे फायबरला पाडलेलं भोक. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा हलका गाभा असतो. पट्ट्यांमधलं काळं रबर सुटलं की पाणी स्क्रूच्या कडेने गाभ्यात उतरतं आणि तिथेच मुरतं. वरून काही कळत नाही. डेक उचकटून गाभा बदलायचा तर बोटीच्या किमतीएवढा खर्च, वर एक हिवाळा जातो तो वेगळाच.

इंजिनावर हात ठेवला तर कोमट. आम्ही यायच्या आधी कोणीतरी चालू करून ठेवलं होतं. थंड डिझेल इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, धूर पांढरा की काळा, हेच तर बघायचं असतं. चहा न घेता परतलो.

१७ नोव्हेंबर २०२४, साउथॅम्प्टन

एकेचाळीस फुटी, वीस वर्षांची, आधी भाड्याने फिरवलेली. आत तीन बेडरूम, दोन संडास, उभं राहून अंघोळ. मला मोह झाला हे नाकारत नाही. पण खाली पातळ उंच कील बोल्टांनी लटकवलेली, आणि सुकाणू मागे एकटंच लोंबतंय, त्याला कशाचाच आधार नाही.

२०१४ च्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' ही यॉट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतताना अटलांटिकमध्ये कील सुटून उलटली आणि चौघेही गेले. तपास अहवाल पूर्ण वाचला. त्यातली मला छळणारी गोष्ट अशी: कील तळाला टेकल्यावर आतली चिकटवलेली चौकट सांगाड्यापासून सुटू शकते, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. भाड्याची बोट वीस वर्षांत किती वेळा टेकली असेल हे कोण सांगणार? सुकाणूचं म्हणाल तर २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ओर्का मासे यॉटींच्या सुकाणूंशी खेळतायत, काही बोटी त्यात बुडाल्याही. (मासे म्हटलं खरं, पण ओर्का सस्तन. नवऱ्याने टोकलं.) आमचा रस्ता नेमका तिथूनच जातो. नको.

१२ जानेवारी २०२५, गॉस्पोर्ट

बंदराच्या पलीकडे, फेरीने पाच मिनिटांवर. निकल्सन ३२, बांधणी १९७४. मागणी १६,५०० पौंड.

हे मॉडेल १९६३ पासून बनू लागलं, आणि बनवणारी कॅम्पर अँड निकल्सन ही पेढी याच गॉस्पोर्टची. फायबरग्लास तेव्हा नवीन होतं; किती जाडी पुरे हे कोणालाच नक्की माहीत नसल्याने त्या काळच्या बोटींना सढळ हाताने थर दिलेले असतात. कील लांब, सांगाड्याबरोबरच एकसंध ओतलेली, आत शिशाचं वजन बंद केलेलं. कीलला बोल्टच नाहीत. सुकाणू त्याच कीलच्या मागच्या कडेला टांगलेलं. ओर्का त्यालाही हात लावतील, पण निदान ते उघड्यावर लोंबत नाही.

आत शिरल्यावर मात्र समजलं की रुंदी जेमतेम सव्वानऊ फूट म्हणजे काय. दोघं एकदम कपडे बदलू शकत नाही.

मालक सत्तरीच्या पुढचे. गुडघे थकले म्हणून विकतायत. त्यांनी कपाटातून चार जाडजूड फायली काढल्या आणि मी मनातल्या मनात बोट घेतली. १९९१ पासूनची प्रत्येक पावती: इंजिन बदललं २००६, तेल दर मोसमाला, दोन मोठी शिडं २०१६, आणि मागे बसवलेलं एरीज विंडवेन, त्याच्या सुट्या भागांचं पुडकं चिठ्ठीसकट. विंडवेन म्हणजे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारं यांत्रिक अवजार. वीज खात नाही, झोपत नाही. एरीज मूळचं समोरच्या आइल ऑफ वाइटवरच्या काउजचं.

इंजिन थंड होतं. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला धरलं, जरासा पांढरा धूर, मग साफ.

परत येताना फेरीत नवरा म्हणाला, "फायली बघून बोट घेणारी तूच."

"तू डेकवर चालून घेणार होतास."

१९ जानेवारी २०२५

बाबांचा रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल. फोटो दाखवले.

"अगं, दिलीप दोंदे एकटे जग फिरून आले ती म्हादेई छप्पन फुटी होती ना? तुमची केवढी?"

"बत्तीस."

बराच वेळ शांतता. मग मी सांगितलं की १९६८-६९ मध्ये इंग्रज खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटा, कुठेही न थांबता ज्या सुहेलीतून जग फिरून आला, तीही बत्तीस फुटीच होती, आणि मुंबईत सागवानात बांधलेली. ३१२ दिवस लागले त्याला.

"तो एकटा होता," बाबा म्हणाले. "तुम्ही दोघं. भांडण झालं तर दुसऱ्या खोलीत जायला खोली कुठाय?"

यावर उत्तर नाही. आकडेमोड मात्र करून ठेवली. जड बोटीचा वेग पाण्यावरच्या लांबीने बांधलेला असतो: फुटांचं वर्गमूळ गुणिले १.३४. हिची पाण्यावरची लांबी २४ फूट, म्हणजे कमाल साडेसहा नॉट (ताशी सागरी मैल). सरासरी साडेचार धरली तर दिवसाला १०८ सागरी मैल. लास पाल्मास ते सेंट लुशिया सुमारे २,७०० मैल, म्हणजे पंचवीस दिवस. माणशी रोज तीन लिटर पाणी धरून १५०, वर निम्मं जास्तीचं, एकूण २२५. मालकांच्या कागदाप्रमाणे टाकी १८० लिटरची. उरलेलं कॅनमध्ये. भागतं.

२८ जानेवारी २०२५

१४,५०० पौंडांवर बोलणी ठरली. करार झाला: दहा टक्के बयाणा ब्रोकरच्या वेगळ्या ग्राहक-खात्यात, व्यवहार सर्व्हे आणि समुद्रातल्या चाचणीवर अवलंबून. सर्व्हेत मोठा दोष निघाला तर तो दुरुस्त करून द्यायचा, किंमत उतरवायची, नाहीतर बयाणा परत. सर्व्हेअर आपला आपण निवडायचा. ब्रोकरने सुचवलेला नको, माणूस कितीही भला असला तरी.

१८ फेब्रुवारी २०२५, सर्व्हे

बोट पट्ट्यांच्या झुल्यात उचलली, तळ जोरकस पाण्याने धुतला. सर्व्हेअर हातात प्लास्टिकची छोटी हातोडी घेऊन बोटीच्या पुढच्या टोकापासून मागे ठोकत निघाला. टक्, टक्, टक्. एकाच सुरात. मध्येच धप् आलं की खडूने गोल. कीलच्या तळाशी एक गोल पडला, तळहाताएवढा. कधीतरी दगडाला घासली असणार, फायबर आणि शिसं यांच्यात पोकळी आहे. उघडून वाळवून भरून घ्यावी लागेल. बंदिस्त कीलचा हाच एक तोटा: बोल्ट नसतात, पण फायबर फुटलं की पाणी आत शिरून बसतं.

पाण्याच्या रेषेखाली काही फोड. त्याने एक टोचला, आतून थेंब आला. वास घ्या म्हणाला. व्हिनेगर! हाच ऑस्मोसिस, ज्याच्या नावाने लोक व्यवहार मोडतात. फायबरमध्ये मुरलेलं पाणी रेझिनमधल्या न जुळलेल्या रसायनांशी मिळून आम्ल बनवतं आणि दाबाने फोड येतो. इतक्या जाड सांगाड्याला मोजके फोड म्हणजे पन्नाशीच्या माणसाला चष्मा. खरवडून, भरून पुढे जायचं.

खरी काळजी सीकॉकची. तळाला पाडलेल्या भोकांवर बसवलेले हे व्हॉल्व्ह: सिंकचं पाणी, संडास, इंजिनाचं थंड पाणी. त्यातले दोन साध्या पितळेचे निघाले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा गुलाबी सच्छिद्र चुरा उरतो. सर्व्हेअरने एकाला जरा जोर लावला तर तोटीच हातात आली. आत रंग थेट गुलाबी. समुद्रात हे झालं असतं तर दीड इंचाच्या भोकातून पाणी आलं असतं. चीड आणणारी गोष्ट ही की युरोपीय मानकाप्रमाणे असा भाग पाच वर्षं टिकला तरी चालतो, म्हणून कित्येक नव्या बोटींनाही साधंच पितळ असतं. आम्ही सगळे कांस्याचे बसवणार.

डोलकाठीला धरणाऱ्या तारा २००८ च्या. पावती फाईलमध्ये. एका तारेच्या मुळाशी एक धागा तुटून वर आलेला. विमा कंपन्या साधारण दहा-बारा वर्षांपुढच्या तारा मानत नाहीत, आणि इथे त्यांचं बरोबर आहे. चेनप्लेट, म्हणजे या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात त्या, बाहेर काढून बघाव्या असं त्याने लिहिलं. स्टेनलेस स्टील हवेत छान टिकतं. डेकच्या आत ओल्या सांदीत ऑक्सिजन मिळाला नाही की गुपचूप चिरतं.

डेक कोरडा. त्याने ओलावा मोजायचा मीटर तीनदा फिरवला, नवऱ्याने अनवाणी एकदा.

८ मार्च २०२५, समुद्रातली चाचणी

पोर्ट्समथ बंदरातून बाहेर पडताना लहान बोटींना पश्चिमेच्या कडेची ठरलेली वाट घ्यावी लागते, इंजिन चालू ठेवून. शेजारून फेरी आणि नौदलाची जहाजं जातात. बाहेर आल्यावर पश्चिमेचा वारा, अठरा ते बावीस नॉट, ओहोटी वाऱ्याविरुद्ध, त्यामुळे सोलेंटमध्ये, म्हणजे आइल ऑफ वाइटच्या अलीकडच्या सामुद्रधुनीत, त्या प्रसिद्ध आखूड उभ्या लाटा. एकेचाळीस फुटी सपाट तळाची असती तर प्रत्येक लाटेवर आपटली असती. ही कापत गेली. पुढचा डेक मात्र सारखा पाण्याखाली, आणि पुढे बसलेली मी नखशिखांत ओली.

मोठ्या शिडाला एक घडी घातल्यावर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दोन बोटांवर आला. विंडवेन जोडलं, हात सोडले. पलीकडच्या राइड गावाच्या दिशेने होव्हरक्राफ्ट गर्जना करत आडवं गेलं तरी बोट रेषेवरून ढळली नाही. नवरा गप्प बसून बघत होता. त्याचं गप्प बसणं ही मोठी पावती.

मग मरीनात मागे घ्यायची वेळ आली. लांब कीलची बोट रिव्हर्समध्ये सुकाणू ऐकत नाही. इंजिनाचा पाण्यातला पंखा मागचं टोक एका बाजूला ओढतो आणि तिला जायचं तिथे ती जाते. मालक हसून म्हणाले, त्यांनी मागे घेणं कधीच सोडून दिलंय, पुढूनच आत घालतात. आम्हीही तेच करू.

१४ मार्च २०२५

घासाघीस. तारांचं कोटेशन ३,९००, सीकॉक आणि नळ्या १,१००, कीलची पोकळी ६५०. मोजक्या फोडांचा उल्लेखही केला नाही, जुन्या गादीचा आणि फाटक्या छत्रीचाही नाही. गादी-छत्री तर बघूनच किंमत बोललो होतो. ३,००० कमी मागितले, २,५०० वर ठरलं. अंतिम १२,००० पौंड.

२ एप्रिल २०२५, कागद

हे माझं खातं, म्हणून जरा लांबण.

ब्रिटनमध्ये यॉटीची नोंद दोन प्रकारे होते. छोटी नोंदवही स्वस्त आणि सोपी, पण मालकी सिद्ध करत नाही. पहिल्या भागातली नोंद महाग, पण तिथे मालकी आणि गहाण दोन्ही चढतात. ही बोट पहिल्या भागात आहे, त्यामुळे सातबारा काढावा तसा उतारा काढला: बोजा नाही. तरी मरीनाकडून थकबाकी नसल्याचं पत्र घेतलंच, कारण काही देणी माणसाला नाही, बोटीला चिकटतात.

नोंदणीच्या भाषेत प्रत्येक जहाजाचे ६४ हिस्से असतात. किमान ३३ हिस्से पात्र मालकाकडे लागतात. नवऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट, माझ्याकडे अजून भारतीय. म्हणून त्याचे ३३, माझे ३१. पैसे अर्धे-अर्धे दिलेत हे इथे नोंदवून ठेवते.

व्हॅट. बोट १९८५ च्या आधीची आणि ३१ डिसेंबर १९९२ ला युरोपीय समुदायाच्या पाण्यात होती, त्यामुळे कर भरलेला धरला जातो. १९९२ च्या डिसेंबरातली मरीनाची पावती फाईल क्रमांक दोनमध्ये सापडली. ब्रेक्झिटच्या वेळी बोट इथे असल्याने युरोपात तिचं ते स्थान गेलं. आता तिला तात्पुरत्या प्रवेशावर १८ महिने मिळतात. माणसांना मात्र १८० दिवसांत ९० च, आणि मला ला कोरुन्याला पाय ठेवायला शेंगेन व्हिसा हवा. मदेरा आणि कॅनरीही त्याच ९० दिवसांत मोजायची. म्हणजे पोर्तुगालचा किनारा रमतगमत करायचा बेत बाद. बोट थांबू शकते, बायको नाही.

खरेदीखत झालं. उरलेले पैसे दुपारी गेले.

१० मे २०२५, यार्डात

तीन चेनप्लेट चांगल्या, चौथी डेकच्या जाडीत केसाएवढी चिरलेली. चारही नव्या करून घेतल्या. एक नवी आणि तीन पन्नास वर्षांच्या ठेवण्यात काय हशील? खर्च ७४० वाढला.

कीलची पोकळी उघडून उबदार हवेखाली वाळतेय. मीटरवरचा आकडा खाली यायला घाई नाही. सीकॉक सगळे बदलून झाले, प्रत्येकाशेजारी लाकडी खुंटी दोरीने बांधली, तुटलाच तर भोकात ठोकायला.

विमा. पहिल्या कंपनीने अटलांटिकसाठी तिसरा खलाशी मागितला. तो झोपणार कुठे, हे विचारलं नाही. दुसरी दोघांवर राजी आहे, पण नव्या तारांचं बिल आणि बिस्केआधी सलग रात्रीच्या प्रवासाची नोंद मागते. कॅरिबियनमध्ये बाराव्या अक्षांशाच्या उत्तरेला जून ते नोव्हेंबरात वादळी नुकसान त्यात धरलेलं नाही. ग्रेनाडाच्या दक्षिणेला जावं लागेल किंवा जूनआधी कॅरिबियन सोडून निघावं लागेल. तो निर्णय आता नको.

७ जून २०२५

नव्या तारा चढल्या. पाण्यात सोडल्यावर रिगर, म्हणजे तारा बसवणारा कारागीर, डोलकाठीच्या रेषेत डोळा लावून पुन्हा एकदा ताण जुळवून गेला. आठवड्याने परत येईल, कारण नवी तार थोडी सैलावते. आजवरचा खर्च, सर्व्हे आणि यार्डाचं भाडं धरून, २०,३०० पौंड. लाइफराफ्ट, आपत्कालीन बीकन, सौर पट्टी आणि नांगराची नवी साखळी बाकी आहे. जुना चार्टप्लॉटर काढला. त्याच्यामागे कुठेही न जोडलेल्या सात तारा निघाल्या.

जुलैत फाल्मथपर्यंत जाऊन यायचं, वाटेत दोन रात्री बंदर न गाठता, म्हणजे विम्याची अटही पुरी होते. माझ्या बाकड्यावरची खिडकी अजून गळते. नवऱ्याचं म्हणणं ते गळणं नाही, हवेतल्या वाफेचं काचेवर पाणी होतंय. मी खाली बादली ठेवली आहे आणि रोज सकाळी मिलिलिटर लिहून ठेवते.

गुरुवारी गॅसवाला येतोय. त्याआधी शेगडीची जुनी रबरी नळी काढून ठेवायला हवी, नाहीतर तो त्याचेही तासाने पैसे लावेल.